जपान, थायलंड, फ्रान्स: पहिल्या भेटीत हात पुढे करायचा की नाही?

प्रश्न: कामानिमित्त या तिन्ही देशांतल्या लोकांशी गाठ पडणार आहे. अभिवादन कसं करायचं, आणि पहिली दोन मिनिटं बोलायचं तरी काय?

प्रतिसाद १: जपानमध्ये कमरेतून वाका, नुसती मान खाली घालू नका. पाठ आणि मान एका रेषेत, नजर खाली. येता-जाता साधारण १५ अंश, ग्राहक किंवा वरिष्ठ असेल तर ३०, माफी मागताना ४५. वाकता वाकता हातही पुढे केलात तर डोकी आपटतात, म्हणून एका वेळी एकच. व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी घ्या, नीट वाचा आणि बैठक संपेपर्यंत टेबलावरच राहू द्या. लगेच खिशात कोंबणं फार वाईट दिसतं.

प्रतिसाद २: थायलंडमध्ये 'वाई', म्हणजे आपल्या नमस्कारासारखे हात जोडणं. बरोबरीच्यांना तळवे छातीशी जुळवून, मोठ्यांना बोटांची टोकं नाकापर्यंत. सुरुवात लहानाने करायची. वेटरने केला तर हसून मान हलवा, पुरे.

प्रतिसाद ३: फ्रान्समध्ये ऑफिसात हात मिळवा, घट्ट पण झटपट. गालाला गाल लावणं ओळख झाल्यावरच, तेही समोरच्याने पुढाकार घेतला तर. किती वेळा, हे प्रांतागणिक बदलतं. पॅरिसमध्ये बहुधा दोनदा. ओठ टेकवायचे नाहीत, चुंबनाचा आवाज हवेतच. दुकानात मात्र आधी 'बोंझूर' (नमस्कार), मग प्रश्न; नाहीतर उत्तर तुटकच मिळणार. गप्पांना प्रवास, जेवण, हवा चालेल. पगाराचा विषय अजिबात नको.