बनिअनचं ऑपरेशन : 'आता करूया' हे कशावरून ठरवलंत?

माझ्या दोन्ही पायांच्या अंगठ्यांच्या मुळाशी हाड वर आलंय, यालाच बनिअन म्हणतात. आईलाही आहे, आजीलाही होतं. उजवा अंगठा आता शेजारच्या बोटावर रेलायला लागलाय आणि दिवसभर उभं राहिलं की संध्याकाळी ठणका लागतो. डॉक्टर म्हणाले, "घाई नाही, पण हे आपोआप सरळ होणार नाही. कधी करायचं ते तुम्ही ठरवा." आणि नेमकं तेच ठरत नाहीये. ज्यांनी ऑपरेशन केलं, ज्यांनी टाळलं, ज्यांनी घरच्या कुणाचं जवळून पाहिलं, त्या सगळ्यांनी कृपया लिहा. निर्णयापर्यंत कसे आलात ते मला जास्त हवंय.

काठपदर

मी शिक्षिका आहे, त्यामुळे उभं राहणं चुकत नाही. बरीच वर्षं ऑपरेशन टाळलं आणि ते बरोबरच होतं असं मला आजही वाटतं. पंजाकडे रुंद असलेले बूट आणि उंचवट्यावर सिलिकॉनचं पॅड एवढ्यावर भागत होतं. पॅड काय किंवा बोटांमध्ये घालायचा स्पेसर काय, त्याने हाड सरळ होत नाही, फक्त घासणं आणि दाब कमी होतो, हे डॉक्टरांनी तेव्हाच स्पष्ट सांगितलं होतं.

मग रुंद बुटातही दुखायला लागलं. अंगठ्याने रेटून रेटून दुसरं बोट वर उचललं गेलं आणि त्याच्या पेरावर घट्टा धरला. एक्स-रे उभं राहूनच काढायला लावला, कारण पायावर भार आल्याशिवाय खरा कोन कळत नाही. अंगठ्याचा कोन १५ अंशांपर्यंत ठीक धरतात, माझा ४० च्या आसपास होता. मला वाटलं, आता आकडा बघून लगेच तारीख देतील. पण त्यांनी विचारलं, "पायामुळे काय काय करायचं सोडलंत?" मी बोलायला लागले तर यादी संपेना. फिरायला जाणं बंद, वर्गात खुर्ची ओढून बसून शिकवणं, कुठे जायचं म्हटलं की आधी किती चालावं लागेल याची चौकशी. मी त्या प्रश्नावर ठरवलं, एक्स-रेवर नाही.

वाढलेलं हाड तासून टाकतात असा माझा समज होता. पण तो उंचवटा म्हणजे मुख्यतः जागा सोडून आतल्या बाजूला सरकलेलं पावलातलं लांब हाड असतं. ते कापून, पुन्हा रेषेत सरकवून स्क्रूने बसवतात. घोट्याजवळ इंजेक्शनं देऊन पाऊल बधिर केलं होतं, मी पूर्ण जागी होते. पहिले २ आठवडे पाय उशांवर उंच, आणि ६ आठवडे कडक तळाचा बूट घालून टाचेवर भार देत चालणं. दुखण्यापेक्षा सूज चिवट निघाली. सकाळी पाऊल बरं असायचं, संध्याकाळी मोजा काढला की त्याची वीण कातडीवर उमटलेली. हे ६ महिने, कधी वर्षभरही चालतं, ते आधीच माहीत असू द्या म्हणजे घाबरायला होत नाही.

आता मी उभी राहून शिकवते. अंगठ्याच्या कडेला थोडी बधिरता राहिलीय, आणि चवड्यांवर बसताना अंगठा पूर्वीइतका वळत नाही. तरीही मी पुन्हा हाच निर्णय घेईन.

अनवाणी

माझा उंचवटा चांगला मोठा आहे, पण दुखत नाही. सर्जनच म्हणाले, नुसतं दिसण्यासाठी याला हात लावू नका. न दुखणारा पाय ऑपरेशननंतर दुखरा होऊ शकतो. रोज चालते, पळते. दर काही महिन्यांनी दुसरं बोट जागेवर आहे ना ते बघते. बस.

निशिगंध

दुखणं बनिअनचंच आहे ना, याची आधी खात्री करून घ्या. माझ्या नवऱ्याचा सांधा रात्रीतून लालबुंद झाला, पांघरुणाचा स्पर्शही सोसेना. त्याला उंचवटा आहेच, त्यामुळे घरात सगळ्यांनी तोच दोषी धरला. निघालं गाउट, म्हणजे यूरिक अॅसिड वाढून सुजलेला सांधा. औषधांवर उतरलं. माझ्या बहिणीचं आणखी वेगळं. तिचा अंगठा सरळच आहे, पण सांधा झिजून आखडलाय आणि वरच्या बाजूला दुखतो. तिला सांधा कायमचा जोडायचं ऑपरेशन सुचवलंय.

माजघर

आईबद्दल लिहिते. तिला जुना मधुमेह, पावलांची संवेदना कमी झालेली. आम्ही सगळे 'दुखत नाही तर राहू दे' म्हणत होतो, आणि उंचवट्यावर बुटाने घासून जखम झाली. तिला ती कळलीसुद्धा नाही, मोज्यावर डाग दिसला म्हणून आम्हाला कळलं. ज्यांच्या पायाला संवेदना नाही त्यांच्या बाबतीत दुखण्याची वाट बघू नये, हे मला कळकळीने सांगायचंय. डॉक्टरांनी पायातल्या नाडीचे ठोके पाहिले, रक्तप्रवाहाची तपासणी केली, साखर आटोक्यात आणायला सांगितली. रक्तपुरवठा कमी निघाल्यामुळे ऑपरेशन केलं नाही. खोल आणि मऊ बूट बनवून घेतले, आणि रोज रात्री आईची पावलं मी स्वतः उजेडात बघते.

पायवाट

माझं शाळकरी वयात ऑपरेशन झालं आणि काही वर्षांत अंगठा पुन्हा वाकडा झाला. हाडांची वाढ चालू असताना केलं तर पुन्हा होण्याचा धोका जास्त असतो, म्हणून शक्यतो वाढ पुरी होऊ देतात. घरात लहान मुलगी असेल तर तिच्या वाकड्या अंगठ्याची घाई करू नका, आधी बूट बदला.

दुसऱ्यांदा लॅपिडस नावाचं ऑपरेशन केलं. माझा पावलाच्या मधला सांधा सैल होता, तो जोडून टाकला. पहिल्या खेपेला मुळातला सैलपणा तसाच राहिला होता. म्हणून सर्जनला एवढं तरी विचारा: माझ्यासाठी हेच ऑपरेशन का? आणि सिगारेट ओढत असाल तर आधी सोडा, हाड जुळायला तिचा फार अडथळा होतो.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काठपदर, तुमच्या डॉक्टरांचा प्रश्न मी स्वतःला विचारला. फिरणं अजून सुटलेलं नाही, पण अंतर कमी झालंय. आधी रुंद बूट नीट वापरून बघते आणि उभं राहून काढलेला एक्स-रे करून घेते. करायचंच झालं तर दोन्ही पाय एकदम करून टाकावेत का? एकदाच काय तो त्रास.

काठपदर

ताई, मी एकेकच केला. धड पायाच्या आधारावर तर बाथरूमपर्यंत जाता येतं. काही सर्जन दोन्ही एकदम करतातही, पण मग घरात चोवीस तास कुणीतरी हवं. उजवा पाय असेल तर साधारण ६ ते ८ आठवडे गाडी चालवता येणार नाही असं धरून चाला. जोरात ब्रेक दाबता यायला हवा, आणि डॉक्टरांनी हो म्हणायला हवं. जिने असतील तर आधीच कुबड्या आणून दोन-चार वेळा चढउतार करून बघा. ऑपरेशननंतर पहिल्यांदा शिकायला गेलं की फार भीती वाटते.