मदत हवी आहे: आयफ्रेम हलवली की व्हिडिओ पहिल्यापासून सुरू होतो

नमस्कार मंडळी. आईच्या भजनी मंडळासाठी एक छोटी वेबसाइट करतोय. वर आयफ्रेममध्ये (पानात दुसरं पान दाखवणारी चौकट) यूट्यूबचा व्हिडिओ, खाली अभंगांचे शब्द. वाचत खाली गेलं की व्हिडिओ कोपऱ्यात लहान होऊन चालू राहावा, एवढंच हवंय.

अपेंडचाइल्डने (घटक दुसरीकडे नेणारी जावास्क्रिप्टची आज्ञा) आयफ्रेम दुसऱ्या डिव्हमध्ये (पानातला कप्पा) टाकली की ती नव्याने लोड होते. पखवाज ऐन रंगात असताना आवाज तुटतो, काळी चौकट दिसते. वेळ लक्षात ठेवून तिथून पुढे चालवलं, तरी मधला खंड कानाला खुपतोच.

क्रोम १३३ पासून आलेल्या मूव्हबिफोरने (घटक पुन्हा लोड न करता हलवणारी आज्ञा) काम अगदी सुरळीत होतं. पण मंडळातल्या बऱ्याच जणींचे फोन जुने आहेत, त्यांना वगळायचं नाही.

आयफ्रेम जागची न हलवता सीएसएसने (पानाची मांडणी ठरवणारी भाषा) पोझिशन फिक्स्ड दिलं, म्हणजे स्क्रीनवर एका जागी खिळवली, तर तिला वेढणाऱ्या एका डिव्हला ट्रान्सफॉर्म (घटक सरकवणारा, फिरवणारा सीएसएसचा नियम) असल्यामुळे ती त्याच्याच चौकटीत अडकते. तो ट्रान्सफॉर्म थीमच्या ॲनिमेशनचा आहे, काढला की मेनू बिघडतो.

आता आयफ्रेम सुरुवातीपासूनच थेट बॉडीत, म्हणजे कुठल्याही डिव्हच्या आत न घालता, ठेवून व्हिडिओसाठी सोडलेल्या रिकाम्या चौकटीवर नेमकी बसवायचा विचार आहे. असं कुणी केलंय का? स्क्रोल करताना ती मागे रेंगाळते का? कोडचा नमुना मिळाला तर फार उपकार होतील.