मदत हवी आहे : लाइट आणि नळ कापलेलं घर घेतोय, जुनी थकबाकी मीच भरायची का?

वाड्याचा_ओटा
गावात एक जुनं घर घेतोय. तीन खोल्या, पडवी, मागे मोठं आंगण, भाव बरा बसला. लाइट कापलेली आहे, नळही बंद. विकणारे म्हणतात, "बिलाचं तुमचं तुम्ही पाहून घ्या, म्हणून तर कमीत देतोय." लाइट ऑफिसात विचारलं तर आधी जुनं भरा, मग नवीन मीटरचं बोला. वीज मी जाळली नाही, मग बिल मी का भरू? रजिस्ट्री पुढच्या आठवड्यात ठरली आहे आणि मृगाच्या आधी राहायला जायचंय. ज्यांना माहीत आहे त्यांनीच सांगा. "चांगला वकील गाठा" एवढंच लिहायचं असेल तर कृपया लिहू नका.

संत्रा_बागायतदार
जिल्हा कोणता? थकबाकी किती? मीटर भिंतीवर आहे की काढून नेलं? बंद कधीपासून? बिल कोणाच्या नावावर? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार भाऊ?

वाड्याचा_ओटा
अमरावती जिल्हा. चौदा हजारांच्या आसपास आहे म्हणतात. बाकीच्यानं काय फरक पडतो? प्रश्न सरळ आहे, भरायचं की नाही.

खांबावरचा_माणूस
सगळा फरक बाकीच्यानंच पडतो. माझी नोकरी याच खात्यात गेली, म्हणून सांगतो. बिल थकलं म्हणून नुसती लाइन कापली असेल तर ती टीडी, म्हणजे तात्पुरती. थकबाकी आणि जोडणीचा आकार भरला की चालू. सहा महिने उलटून गेले असतील तर खातं पीडी, कायमचं बंद. मग जुनं मीटर परत येत नाही. तुमच्या नावानं ए-१ फॉर्म, मालकीचा कागद, ओळखपत्र आणि परवानाधारक कंत्राटदाराचा वायरिंगचा टेस्ट रिपोर्ट देऊन नवीन जोडणी घ्यावी लागते. बंद घरातली वायर उंदरांनी खाल्लेली असते, तो खर्च वेगळा धरा.
आणि विकणाऱ्यानं सांगितलेल्या आकड्यावर जाऊ नका. जुनं बिल मागा, त्यावरचा बारा अंकी ग्राहक क्रमांक घ्या आणि महावितरणच्या १९१२ हेल्पलाइनवर विचारा आज किती निघतं ते. त्या जागेवर दुसरं कनेक्शन होतं का, तेही विचारा.

सूर्यपुत्र
एवढी कटकट कशाला? छतावर सोलर टाका. पीएम सूर्यघरमध्ये तीन किलोवॅटला ७८ हजार अनुदान आहे. आमच्याकडे बिल शून्य येतं.

खांबावरचा_माणूस
सूर्यघरला आधी चालू घरगुती जोडणी लागते. ती नाही म्हणून तर धागा काढलाय ना त्यांनी. बॅटरीवर चालणारा वेगळा संच बसवला तर हे अनुदान मिळत नाही.

सूर्यपुत्र
बॅटऱ्या आता स्वस्त झाल्यात काका. जरा काळाबरोबर चला.

ठेचा_भाकर
राजेहो, म्हाया साळ्यानं असंच घर घेतलं. शेजाऱ्याच्या मीटरवरून वायर वढली अन् उन्हाया काढला. कूलर चालते, पंखा चालते. शेजाऱ्याले महिन्याचे पैसे द्या अन् मोकये व्हा.

खांबावरचा_माणूस
हे अजिबात करू नका. वीज कायदा २००३, कलम १२६ अनधिकृत वापराचं, १३५ चोरीचं. थकबाकीत कापलेल्या घरात शेजाऱ्याची वीज सापडली तर तुमच्याबरोबर तोही लटकतो.

ठेचा_भाकर
गावात कोण पाह्यते?

कायद्याचा_कीस
"मी का भरू" याचं उत्तर. सर्वोच्च न्यायालय, १९ मे २०२३, के. सी. निनान विरुद्ध केरळ राज्य वीज मंडळ. नियमांत तशी तरतूद असेल तर जुन्या मालकाची थकबाकी भरल्याशिवाय त्याच जागेवर नव्या मालकाला जोडणी नाकारता येते. महाराष्ट्रात तरतूद आहे. पण आपल्या पुरवठा संहितेत, म्हणजे राज्य वीज नियामक आयोगाच्या नियमांत, एक मर्यादाही आहे. २००५ च्या संहितेत कलम १०.५, नंतर २०२१ च्या संहितेत कलम १२.५. वारस सोडून दुसरा नवा मालक असेल तर त्याच्यावर जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या न भरलेल्या बिलाचाच बोजा येतो. खिडकीवर पूर्ण रक्कम मागतात. तुम्ही हे कलम घालून लेखी अर्ज द्या आणि उत्तरही लेखीच मागा. नाही जमलं तर ग्राहक तक्रार निवारण मंच, त्याच्या वर नागपूरला विद्युत लोकपाल.

मूर्तिजापूर_जंक्शन
एवढं लांबवायची गरज नाही. वीज कायद्याचं कलम ५६(२), दोन वर्षांनंतर वसुली करताच येत नाही. एक पैसा भरू नका.

कायद्याचा_कीस
अर्धंच वाचलंत. थकबाकी बिलांत सतत दाखवत आले असतील तर ती दोन वर्षांची अट आडवी येत नाही. शिवाय निनानच्याच निकालात म्हटलंय की ५६(२) मुळे दिवाणी दाव्याचा रस्ता बंद होत नाही.

मूर्तिजापूर_जंक्शन
माझ्या मामाचं सगळं माफ झालं होतं.

खांबावरचा_माणूस
अभय योजनेत झालं असेल, आणि सगळं नसेल झालं. महावितरणची ती योजना १ सप्टेंबर २०२४ ला पीडी ग्राहकांसाठी आली, मुदत वाढत वाढत ३१ मार्च २०२५ पर्यंत गेली. व्याज आणि विलंब आकार माफ, मूळ रक्कम भरायचीच होती.

मूर्तिजापूर_जंक्शन
मग पुढच्या योजनेची वाट पाहा. येतेच दर दोन-चार वर्षांनी.

खांबावरचा_माणूस
आणि तोवर विदर्भातला मे महिना बिनापंख्याचा काढायचा?

मोर्शीची_लेक
घर बायकोच्या नावानं घेताय ना? मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. आणि दार कोणत्या दिशेला आहे? दक्षिणेला असेल तर आधी बघून घ्या.

वाड्याचा_ओटा
ताई, दिशेचं नाही विचारलं.

संत्रा_बागायतदार
नळाचं कोणीच बोलेना. नळ ग्रामपंचायतीचा की जीवन प्राधिकरणाचा, म्हणजे राज्याच्या पाणीपुरवठा संस्थेचा?

वाड्याचा_ओटा
नळ तो नळ. नाहीच मिळाला तर बोअर मारीन. आंगण मोठं आहे.

पूर्णाकाठ
तालुका कोणता?

वाड्याचा_ओटा
दर्यापूर.

पूर्णाकाठ
अहो मग बोअरचं नाव काढू नका! खारपाण पट्ट्यात राहता आणि बोअर मारता? आमच्याकडे बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, भांड्यावर पांढरं धरतं. धुण्याला वापरतात लोक, तेही नाइलाजानं. आपल्या भागात नळाचं गोड पाणी म्हणजे घराची अर्धी किंमत. शहानूर धरणाच्या योजनेतलं गाव असेल आणि घरची जोडणी थेट प्राधिकरणाची असेल तर पाण्याची थकबाकी त्यांच्या कार्यालयात निघेल. ग्रामपंचायतीला विचारून ती कळणार नाही. पंचायतीचा नळ असेल तर घरपट्टी आणि पाणीपट्टी एकत्र पाहा आणि ग्रामसेवकाकडून बेबाकी, म्हणजे थकबाकी नसल्याचा, दाखला घ्या.

मूर्तिजापूर_जंक्शन
ग्रामसेवक नाही, आता ग्रामपंचायत अधिकारी. आणि तलाठी म्हणजे ग्राम महसूल अधिकारी.

पूर्णाकाठ
पाटी बदलली. दाराला कुलूप तेच आहे.

कायद्याचा_कीस
मुद्द्यावर या. विकणारे नेमके कोण, आणि मालकीचा कागद कोणता पाहिलात?

वाड्याचा_ओटा
तिघं भाऊ. घर वडिलांच्या नावावर, ते वारले. बिलही वडिलांच्याच नावावर. कागद ८-अ आहे, ग्रामपंचायतीचा शिक्का आहे.

कायद्याचा_कीस
ग्रामपंचायतीचा असेल तर तो नमुना ८, कर आकारणीची नोंद. ८-अ तलाठ्याकडचा, शेतजमिनीचा खाते उतारा. नमुना ८ वर नाव आहे म्हणजे मालकी सिद्ध झाली असं होत नाही. गावात ड्रोनची मोजणी झाली असेल तर स्वामित्व योजनेतलं मालमत्ता पत्रक निघालं असेल, ते मागा. नवीन जोडणीच्या अर्जालाही कामी येईल. जागा गावठाणातली की ई-क्लासवरची, म्हणजे सरकारी चराईच्या जमिनीवरची, तेही त्यातच कळेल. आणि बहिणी?

वाड्याचा_ओटा
दोन आहेत. एक अकोटला, एक पुण्याला. लग्नं झालीत, त्यांचं इथं काय काम?

कायद्याचा_कीस
वडिलांच्या वारस आहेत त्या. सह्या नसतील तर लाइटबिल ही तुमची सगळ्यात छोटी अडचण असेल.

मोर्शीची_लेक
"त्यांचं काय काम" वाचून राग आला, पण सोडा.

वाड्याचा_ओटा
१९१२ वर विचारलं, मग ऑफिसातूनही खात्री केली. वडिलांच्या नावावर दोन ग्राहक क्रमांक निघाले. घरगुतीचे चौदा हजार बरोबर आहेत. दुसऱ्यावर ६२ हजार. ती पिठाच्या चक्कीची लाइन, पडवीत चक्की होती. दोन्ही पीडी. आता चक्कीचंही मलाच भरायला लावणार का?

संत्रा_बागायतदार
चक्की होती हे आत्ता सांगताय?

वाड्याचा_ओटा
चक्कीचं कोणी विचारलंच नव्हतं.

खांबावरचा_माणूस
मी विचारायला सांगितलं होतं. असो. चक्कीची जोडणी घरगुती दरात नसते, औद्योगिक दर आणि वर स्थिर आकार, म्हणून रक्कम फुगली. जागा एकच असल्यामुळे तुमच्या अर्जाच्या वेळी दोन्ही क्रमांक पुढे येणार.

कायद्याचा_कीस
आता नीट ऐका. सहा महिन्यांची मर्यादा तुम्हाला आहे, वारसांना नाही. ते तिघं भाऊ आणि दोघी बहिणी पूर्ण ७६ हजारांना बांधील आहेत. म्हणून हे भांडण रजिस्ट्रीच्या आधी त्यांच्याच अंगणात मिटलं पाहिजे. ठरलेल्या किमतीतून ७६ हजार कापा, त्यांच्या हातात देऊ नका, दोन्ही ग्राहक क्रमांकांवर स्वतः भरा. पावत्यांचा उल्लेख खरेदीखतात करा. पाण्याचंही तसंच. खरेदीच्या तारखेपर्यंतची वीज, पाणी आणि घरपट्टीची जबाबदारी विकणाऱ्यांची, असं कलम टाका. इसार किती दिला?

वाड्याचा_ओटा
पन्नास हजार, चिठ्ठीवर तिघांच्या सह्या आहेत. आज त्यांच्याशी बोललो. धाकटे दोघं म्हणतात चक्की मोठ्यानं चालवली, त्यानं भरावं. मोठा म्हणतो पीठ सगळ्यांनी खाल्लं. रजिस्ट्री पुढे ढकलली. अकोटच्या बहिणीचा फोन लागला, तिला विक्रीचं माहीतच नव्हतं. ती रविवारी येते आहे. नळ प्राधिकरणाचाच निघाला, त्याचा आकडा सोमवारी कळेल.

सूर्यपुत्र
तोपर्यंत सोलरचं कोटेशन तरी मागवून ठेवा. फुकट देतात.

ठेचा_भाकर
भाऊ, ते चक्कीची मोटार हाय का तिथंच? किती एचपीची? इकत असन तं सांगा.

वाड्याचा_ओटा
मोटार मोठ्यानं दिवाळीतच विकली. जातं पडलेलं आहे.

ठेचा_भाकर
दगड किती इंची?