मदत हवी आहे : बीटल्सची गाणी कोणत्या क्रमाने ऐकवू?

इंदूरला आम्ही काही मराठी मंडळी महिन्यातून एकदा गाणी ऐकायला जमतो. पुढची बैठक माझ्याकडे आहे. विषय : बीटल्स या इंग्लिश बँडच्या चौघांतली (जॉन, पॉल, जॉर्ज, रिंगो) जवळीक अल्बमागणिक कशी बदलली. वेळ तासभर, प्रोजेक्टर नाही, आणि बहुतेकांचे कान शास्त्रीय गायक अमीर खाँसाहेबांवर तयार झालेले.

सुरुवात सोपी. 'प्लीज प्लीज मी' या पहिल्या अल्बममधली दहा गाणी ११ फेब्रुवारी १९६३ या एकाच दिवशी ध्वनिमुद्रित झाली. तो एकजीव जोश लगेच ऐकू येतो. १९६८च्या व्हाइट अल्बमसाठी 'ज्युलिया'त एकटा जॉन, 'ब्लॅकबर्ड'मध्ये एकटा पॉल. रिंगो तर मध्येच निघून गेला होता.

अडलंय पुढे. 'लेट इट बी' हा अल्बम आला १९७०मध्ये, पण त्याचं बरंचसं काम जानेवारी १९६९चं, म्हणजे १९६९मध्येच आलेल्या 'ॲबी रोड' अल्बमच्या आधीचं. दोन्ही क्रम लावून पाहिले. प्रकाशनक्रमाने शेवट विस्कटलेला होतो, ध्वनिमुद्रणक्रमाने 'ॲबी रोड'वरच्या 'बिकॉज'मधल्या जॉन, पॉल, जॉर्ज या तिघांच्या एकत्र गळ्यांवर. दुसरा मला पटतो, पण जरा जास्तच गोड वाटतो.

माहितीपट सुचवू नका, दाखवायची सोय नाही. तुम्ही कोणता क्रम घ्याल? आणि जानेवारी १९६९मधलं असं एक गाणं कोणतं, ज्यात ताण आणि जवळीक दोन्ही नुसत्या कानांनी कळतील?