डेस्कटॉप मध्येच हँग होऊन आपोआप रीस्टार्ट होतो

प्रश्न: रायझन ५ ३६०० प्रोसेसर, ८ जीबीच्या दोन डीडीआर४ ३२०० रॅम, ४५० वॉटचा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा), विंडोज १०. दिवसातून दोनतीनदा स्क्रीन हँग, मग रीस्टार्ट. निळी स्क्रीन येत नाही. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजची नोंदवही) फक्त कर्नल-पॉवर ४१ ही नोंद. विंडोज नव्याने टाकूनही तेच.

उत्तर १: ४१च्या मागे लागू नका. मशीन नीट बंद झालं नाही, एवढंच तो सांगतो. तपशिलात बगचेककोड (क्रॅशचा क्रमांक) ० असेल तर विंडोजला क्रॅश नोंदवायलाही वेळ मिळालेला नाही, संशय हार्डवेअरवर. बायॉसमध्ये (विंडोजच्या आधीची मदरबोर्डची सेटिंग) एक्सएमपी, म्हणजे रॅम जास्त वेगाने चालवणारा पर्याय, बंद करून दोन दिवस चालवा. तरीही तेच झालं तर मेमटेस्ट८६ या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रामचे चार पास (पूर्ण फेऱ्या), एका वेळी एकच रॅम लावून. एकसुद्धा एरर चालत नाही.

उत्तर २: हे गेम खेळताना होतं की नुसता चालू असताना?

प्रश्नकर्ता: नुसता चालू असताना. गेम तीन तास चालतो.

उत्तर २: मग तापमानाचा प्रश्न नाही, प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट बदलत बसू नका. रायझन रिकामा असताना इतका कमी करंट घेतो की काही जुने एसएमपीएस गडबडतात. बायॉसमध्ये 'पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल' शोधा, 'टिपिकल करंट आयडल' करा.

उत्तर ३: त्यानेही थांबलं नाही तर कुणाचा तरी चांगला एसएमपीएस लावून बघा. सध्याच्या एसएमपीएसच्या पिवळ्या, १२ व्होल्टच्या तारेवर ११.४ ते १२.६ व्होल्ट दिसले तरी तो निर्दोष ठरत नाही. क्षणभराची घसरण साधा मल्टिमीटर पकडत नाही. आणि एका वेळी एकच बदल करा राव!