कोकरू उघडलं, मूत्रपिंड मऊ लागलं. एवढ्यावर आंत्रविषार (आतड्यातल्या जंतूच्या विषानं होणारा रोग) म्हणायचा का?

माळरान_कळप (प्रश्न)
१४० दख्खनी मेंढरांचा कळप आहे. पाऊस पडून कोवळं गवत उगवल्यापासून ३ ते ४ महिन्यांची चार कोकरं गेली, चारही अंगानं भरलेली. संध्याकाळी धडधाकट, सकाळी वाड्यात मान मागे टाकून पडलेली. मोठ्या मेंढ्यांना मेमध्ये आंत्रविषाराची लस झाली आहे, कोकरांना नाही. कालचं कोकरू सकाळी ११ ला उघडलं तेव्हा मूत्रपिंड बोटानं दाबलं की चिखलासारखं बसत होतं. कोटीपोटाचं (पहिल्या, मोठ्या पोटाचं) अस्तरही सोलून येत होतं. पुढचं मेलं तर कशात काय बघायचं, कुठल्या क्रमानं, आणि प्रयोगशाळेला काय पाठवायचं?

पशुवैद्य_घाटमाथा
सुरी लावण्याआधी नाक, तोंड आणि गुदद्वार बघा. तिथून काळपट, न गोठणारं रक्त झिरपत असेल, पोट लवकर फुगलं असेल आणि अंग नीट ताठरलं नसेल तर फाशीची (काळपुळी, म्हणजे अँथ्रॅक्स या रोगाची) शंका धरा आणि उघडूच नका. कानाच्या शिरेतला रक्ताचा एक थेंब काचपट्टीवर पातळ ओढून दवाखान्यात द्या. पॉलिक्रोम मिथिलिन ब्लूनं रंगवल्यावर निळे दांडके आणि त्यांच्याभोवती गुलाबी आवरण दिसलं की निदान झालं. शव फाडलं की जंतूला हवा मिळते, त्याचे बीजाणू बनतात आणि ते त्या जमिनीत कित्येक वर्षं राहतात. शव न फाडता ६ फूट खोल पुरायचं, वर चुना.

ती शंका नसेल तर हातमोजे घालून कोकरू डाव्या कुशीवर ठेवा, म्हणजे कोटीपोट खाली राहतं आणि बाकीचे अवयव समोर येतात. उजवा पुढचा पाय बगलेतून कापून मागे टाका, मागचा खुब्यातून मोकळा करा. शेवटच्या बरगडीमागून पोट उघडा. छाती उघडण्याआधी पोटाच्या बाजूनं छाती-पोटामधल्या पडद्याला सुरीचं टोक लावा. हवा आत शिरल्याचा आवाज आला तर छाती बंद होती. आतडं सगळ्यात शेवटी उघडायचं, नाहीतर शेण सगळीकडे लागतं आणि नमुने वाया जातात.

आंत्रविषारात मी आधी हृदयाची पिशवी बघतो. एरवी तिच्यात जेमतेम थोडं पाणी असतं. इथे गवताच्या काडीच्या रंगाचं पाणी भरलेलं असतं आणि हवा लागली की त्याची जेलीसारखी गुठळी होते. हृदय चिरलं की आतल्या अस्तरावर बारीक रक्ताचे ठिपके दिसतात. श्वासनळीत फेस, फुप्फुसं ओली आणि जड, लहान आतडं लालसर, आत पातळ ऐवज. यातलं दोन-तीन एकत्र आलं तर मूत्रपिंडाला किंमत.

लॅब_टेबल
वरच्या शेवटच्या वाक्याला जोड. मऊ मूत्रपिंडानं जितके फसतात तितके दुसऱ्या कशानं फसत नाहीत. उकाड्यात कुठल्याही मेंढीचं मूत्रपिंड मेल्यानंतर काही तासांत मऊ पडतं, आणि लोकर असलेलं, पोट भरलेलं शव आतून लवकर थंड होत नाही. तुमचं कोकरू रात्री गेलं असेल तर ११ वाजेपर्यंत बराच वेळ गेलेला. कोटीपोटाचं अस्तर सुटणं हीसुद्धा बहुतेक वेळा त्याच कुजण्याची खूण. त्यावरून ॲसिडोसिस (कोटीपोटात आम्ल वाढणं) लिहिणारे पुष्कळ आहेत. ॲसिडोसिस म्हणायला कोटीपोटात धान्याचे दाणे, आंबूस वास आणि ताज्या शवात पीएच कागदावर ५.५ च्या खालचा आकडा हवा.

त्यामुळे शेजारचे अवयव ताडून बघा. यकृतही लिबलिबीत, बरगडीखाली हिरवट छटा, तर मूत्रपिंडाला विसरा. यकृत घट्ट आणि फक्त मूत्रपिंड पेजेसारखं, तर अर्थ आहे. त्याहून चांगली खूण लघवीत मिळते. मूत्राशय कापण्याआधी सिरिंजनं थोडी लघवी ओढून साखरेच्या पट्टीवर टाका. साखर आली तर आंत्रविषाराची बाजू चांगलीच भक्कम होते. नाही आली म्हणून तो नाकारता मात्र येत नाही.

जंत_आणि_बाकी
भरलेली कोकरं पटकन जाणं हे आंत्रविषाराला शोभतं. कोवळं गवत किंवा धान्य जास्त झालं की न पचलेला स्टार्च लहान आतड्यात उतरतो, तिथे क्लोस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स या जंतूचा डी प्रकार भराभर वाढतो आणि एप्सिलॉन विष सोडतो. तरीही चौथं पोट न उघडता शव पुरू नका. मोठ्या बाकावरून (बाहेरच्या वळणावरून) चिरून पांढऱ्या ट्रेमध्ये पाण्यात पसरा. हिमोंकस (रक्त पिणारा जंत) असेल तर २ ते ३ सेंमीचे दोऱ्यासारखे जंत वळवळतात, मादी लाल-पांढरी, पीळ दिलेल्या दोरीसारखी. एक जंत दिवसाला साधारण ०.०५ मिली रक्त ओढतो, ५,००० असले तर २५० मिली. रक्त पाण्यासारखं, पापणीचं आतलं अस्तर पांढरं, जबड्याखाली सूज असं चित्र येतं. शव शिळं झालं की जंतही विरघळतात, मग 'जंत नाहीत' हा शेरा खोटा ठरतो. चार-दोन जंत सापडणं मात्र मरणाचं कारण नव्हे.

पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा विषाणूचा रोग) रात्रीत मारत नाही. आधी ताप, नाक वाहणं, हगवण असते. तोंडात, हिरड्यांवर व्रण आणि मोठ्या आतड्याच्या घड्यांवर झेब्र्यासारखे लाल पट्टे दिसतात. फुप्फुसाचे पुढचे-खालचे भाग यकृतासारखे घट्ट असतील तर तुकडा पाण्यात टाका. बुडला तर न्यूमोनिया. उजव्या बाजूचा पुढचा भागच कुजका आणि घाण वासाचा निघाला तर औषध पाजताना ठसका लागून श्वासनळीत गेल्याचा संशय घ्या. फुप्फुसाकडे जाणाऱ्या धमनीच्या बुडाशी रक्तस्राव दिसला तर निळी जीभ (ब्लूटंग) हा रोग आठवा, भारतात त्याची पहिली नोंद १९६४ साली महाराष्ट्रातच झाली.

माळरान_कळप
लघवी आणि हृदयाची पिशवी बघितलीच नव्हती. पुढच्या वेळी नमुने घेतले तर प्रयोगशाळेत पोचायला दुसरा दिवस उजाडेल. फ्रीझरमध्ये ठेवू का?

लॅब_टेबल
दोन संच करा. लहान आतड्याच्या शेवटच्या भागातला ऐवज २० ते ३० मिली, घट्ट झाकणाच्या बाटलीत, १० मिलीला क्लोरोफॉर्मचा एक थेंब, बर्फाच्या डब्यात. हा विषाच्या तपासणीसाठी. दुसरा फॉर्मॅलिनमध्ये: बाजारातलं फॉर्मॅलिन १ भाग, पाणी ९ भाग. मूत्रपिंड आणि यकृताचे तुकडे १ सेंमीहून जाड नकोत, आणि द्रावण तुकड्यांच्या दसपट. मेंदूही त्यातच, विषाची खूण तिथे चांगली दिसते. फॉर्मॅलिनचा डबा फ्रीझरमध्ये ठेवायचा नाही, पेशी फाटतात. सोबतच्या चिठ्ठीत मरणाची आणि उघडल्याची वेळ लिहा, ती नसेल तर मऊ मूत्रपिंडाचा अर्थ कुणालाच लावता येत नाही. पुण्याजवळ असाल तर औंधचा रोग अन्वेषण विभाग हे घेतो.

पशुवैद्य_घाटमाथा
निकालाची वाट बघत कोकरं उपाशी ठेवू नका, पण कोवळ्या गवतावर सोडण्याआधी वाड्यात सुका चारा द्या आणि धान्य बंद करा. आंत्रविषाराची लस आता द्या, १५ दिवसांनी पुन्हा. पहिल्या डोसनंतर लगेच संरक्षण येत नाही, त्या दोन आठवड्यांत चाऱ्यावरच लक्ष ठेवावं लागेल.