मुलांसाठी गिनी पिग घ्यावेत का? नागपूरचा उन्हाळा सोसतील का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही नागपूरला राहतो, तिसऱ्या मजल्यावर. लेक नऊ वर्षांची, धाकट्याला नुकतंच सहावं लागलंय. दोघांनाही घरात प्राणी हवा आहे. मांजर आणता येत नाही, सासूबाईंना दमा आहे. कुत्र्यामागे दिवसभर राहायला घरात कोणी नसतं. म्हणून पिंजऱ्यात राहणारा लहान प्राणी बघतोय. पण या बाबतीत आमच्या हातून एकदा मोठी चूक झाली आहे, म्हणून या वेळी आधी विचारते.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोन हॅमस्टर आणले. सोनेरी, जरा मोठ्या चणीचे, ज्यांना सीरियन म्हणतात ते. "जोडीने घ्या, एकटा झुरतो," असं दुकानदार म्हणाला आणि आम्ही विश्वास ठेवला. महिना-दीड महिना बरा गेला. मग एका सकाळी लेक दाणे घालायला गेली तर भुसा रक्ताने चिकटलेला, एकाचा कान अर्धा तुटलेला, पाठीवर खोल जखम. त्याला वेगळं ठेवलं, डॉक्टरांकडे नेलं, पण तिसऱ्या दिवशी गेला. नंतर वाचल्यावर कळलं, की ही जात एकांडीच राहते. आठ-दहा आठवड्यांची झाली की सख्ख्या भावंडालाही जवळ फिरकू देत नाही. दुसरा पुढे वर्षभर होता, पण तो दिवसभर झोपायचा आणि रात्री मुलं झोपली की चाक फिरवत बसायचा. धाकट्याने एकदा त्याला उठवायला बोट आत घातलं, तर कडकडून चावला. झोपेतून दचकलेला जीव, त्याचा काय दोष?

त्यांच्या दाण्यांची स्टीलची वाटी लेकीने अजून तिच्या कप्प्यात ठेवली आहे. परत स्वयंपाकघरात नेऊ देत नाही.

आता ती गिनी पिग म्हणते आहे. मी जेवढं वाचलं त्यावरून ते दिवसा जागे असतात, सहसा चावत नाहीत, आणि किमान दोघं तरी एकत्र लागतात. स्वित्झर्लंडमध्ये तर एकटा गिनी पिग पाळायला 2008 पासून कायद्यानेच बंदी आहे. आयुष्य पाच ते आठ वर्षं, म्हणजे लेकीची दहावी होईपर्यंत आपल्याकडे. हे मला नीट कळतंय आणि त्याची तयारी आहे.

माझी खरी काळजी उन्हाळ्याची. हा प्राणी मूळचा अँडीज पर्वतातला, सत्तावीस-अठ्ठावीस अंशांच्या वर गेलं की त्याला त्रास सुरू होतो. आमच्याकडे मे महिन्यात पंचेचाळीस! एसी एकाच खोलीत आहे, बाकी घरात कूलर. दिवसा अधूनमधून लाइट जाते.

तर, कूलरवर भागेल का? त्यांना देतात ते वाळलेलं टिमोथी गवत इथे फार महाग पडतं, गोठ्यातलं गवत चालेल का? आणि सहा वर्षांच्या मुलाला हाताळायला द्यावेत का? ज्यांनी उष्ण गावात पाळले आहेत त्यांनी कृपया लिहा.

प्रतिसाद १

ताई, मी अकोल्याची. चार वर्षं दोन माद्या सांभाळते आहे. कूलरवर भागत नाही, हे आधीच सांगते. कूलरच्या हवेत दमटपणा असतो, अंथरूण ओलं राहतं आणि यांची छाती फार नाजूक. माझा पिंजरा मार्चच्या मध्यापासून पाऊस पडेपर्यंत एसीच्या खोलीत असतो. लाइट गेली तर गोठवलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून आत ठेवते. शहाबादी फरशीचा एक तुकडा कायम आत असतो. दुपारी दोघी त्यावर पोट टेकून अशा पसरतात, की मागचे पाय सरळ लांब. लोळत पडून तोंडाने श्वास घेताना दिसल्या तर मात्र घरी उपाय करत बसू नका, थेट डॉक्टर.

गोठ्यातलं गवत चालतं. वाळलेलं, हिरवट, चांगल्या वासाचं घ्या. बुरशीचा वास आला की सगळं टाकून द्यायचं, पावसाळ्यात हे फार जपावं लागतं. लसूणघास हा हिरवा चारा लोक हौसेने देतात, पण मोठ्या झालेल्यांना ती रोज नको. तिच्यात कॅल्शियम जास्त, मूतखडे होतात. आणि क जीवनसत्त्व आपल्यासारखंच त्यांच्याही शरीरात तयार होत नाही, ते रोज पोटात जायला हवं. मी ढोबळी मिरची आणि कोथिंबीर देते. कांदा, लसूण, बटाटा अजिबात नाही. फ्रिज उघडल्याचा आवाज आला की दोघी "वीक वीक" करून घर डोक्यावर घेतात, तुमच्या मुलांना हेच सर्वांत आवडेल बघा.

प्रतिसाद २

दोन गोष्टींची भर घालतो. दुकानात नर-मादी ओळखण्यात सर्रास चूक होते. नर तीन-चार आठवड्यांतच वयात येतो, त्यामुळे विकत आणलेली मादी कधी कधी आधीच गाभण असते. गर्भारपण साधारण दोन महिन्यांचं. आणल्या आणल्या डॉक्टरांकडून तपासून घ्या. सेमिनरी हिल्सच्या व्हेटरनरी कॉलेजात विचारून बघा. आणि घरातलं माणसांचं औषध कधीही देऊ नका. अमॉक्सिसिलिनसारखी साधी वाटणारी औषधं तोंडावाटे दिली तर गिनी पिगच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात आणि प्राणी दगावतो.

दुसरं, सासूबाईंचा दमा. केस आणि गवताची धूळ दोन्हींनी दमा उसळू शकतो. कोणाकडे गिनी पिग असतील तर आधी त्यांना तिथे तासभर बसवून आणा, तेही एकदा नाही, दोन-तीनदा.

धाकट्याला उचलू देऊ नका. हातातून पडला तर पाय किंवा कणा मोडतो. मुलाने जमिनीवर बसायचं, मांडीवर पंचा, प्राणी तुम्ही आणून ठेवायचा. नंतर साबणाने हात. त्यांच्या कातडीवरची बुरशी मुलांनाही लागते.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. दम्याचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, मी फक्त मांजराच्या केसांचा विचार करत होते.

आज लेकीसोबत बसून फरशीवर खडूने चार फूट बाय दोन फूट आखलं. दोन गिनी पिगना एवढी जागा तरी हवीच ना? एसीच्या खोलीत ती कपाट सरकवल्यावरच निघते. लेक म्हणाली, "माझं अभ्यासाचं टेबल बाहेर ठेव, मी हॉलमध्ये बसेन." मी अजून हो म्हटलेलं नाही. आधी सासूबाईंना कोणाकडे तरी नेऊन आणते. पावसाळा संपेपर्यंत काहीच आणणार नाही, हे तिलाही सांगितलं आहे.

नागपुरात कोणाकडे गिनी पिग असतील आणि एखाद्या रविवारी आम्हाला घरी येऊ देणार असाल, तर कृपया व्यक्तिगत निरोप पाठवा. आम्ही चौघं येऊ, कोथिंबीर घेऊन.